कारा-बेलची किंमत शून्य

तळलेल्या बोर्सोकांची तिसरी परात बाहेर गेली आणि मेलिसने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बुरुलायच्या हाताला अजून कणीक चिकटलेली होती. दादाच्या काखेतली निळी फाइल तिने बघितली आणि तिच्या लक्षात आलं, की वडिलांच्या वर्षाच्या जेवणालासुद्धा हा गृहस्थ धंदा राजधानीत, बिश्केकला, ठेवून आलेला नाही.

बाहेर अंगणात तीन युर्त, नमद्याचे गोल तंबू, उभारले होते. पहाटे घोडा कापला होता, मोठमोठ्या कढयांत मांस रटरटत होतं, आणि खिंडीपलीकडची माणसं दीड दिवस घोडा हाकून तिच्या वडिलांच्या, असानकुलच्या नावाने दोन घास खायला आली होती. असानकुलने ‘कोंगुरो’ ही फोन कंपनी काढली तेव्हा या डोंगरात फोन म्हणजे तालुक्याच्या टपाल कचेरीतलं एक काळं खोकं होतं. मोठ्या कंपन्यांचे साहेब नकाशा बघूनच परत गेले होते. याने चव्वेचाळीस टॉवर उभे केले. वर्ष झालं त्याला जाऊन, आणि वर्षभर त्याच्या तिन्ही मुलांचं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं.

“बसा सगळे,” मेलिस म्हणाला. “दहा मिनिटांचं काम आहे. मांस वाढायच्या आत उरकू.”

“कसलं काम?”

“सही. तुझी एकच राहिलीय.”

बुरुलायने धाकट्याकडे बघितलं. तालाय भिंतीला टेकून बसला होता, डावा हात कोटाच्या खिशात. त्या हाताची दोन बोटं गेल्या माघात कारा-बेलच्या खिंडीत गोठून गेली होती, तेव्हापासून तो चारचौघांत तो हात बाहेर काढत नसे. त्याने मान वर केली नाही. मग तिने आईकडे बघितलं. उल्कानबाई चहाच्या समोवारापाशी वाट्या पुसत होत्या, आणि पुसलेलीच वाटी पुन्हा पुसत होत्या. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं तर! घरातली हिशेबनीस ही, नेटवर्कची मुख्य इंजिनीअर ही, आणि घरात काय शिजतंय ते सगळ्यात शेवटी कळतंय कुणाला, तर हिलाच.

“आई, तू सही केलीस?”

“मला काय कळतं त्यातलं? मेलिस म्हणाला, धंदा वाचतो. तालाय म्हणाला, बरं होईल. केली.”

“वाचून बघितलंस?”

“चष्मा नव्हता.”

“बुरुलाय, आईला कोर्टात उभी करू नकोस,” मेलिस म्हणाला. “मला विचार. साधी गोष्ट आहे. अडतीस टॉवर बिश्केकच्या एर्लानची कंपनी विकत घेतेय. पंचवीस कोटी सोम, रोख. टॉवर त्यांचे, त्यांवरची यंत्रं आपली. आपण त्यांना महिन्याचं भाडं द्यायचं, आपलं काम चालू. त्या पंचवीस कोटींत नवी यंत्रं येतील, गावागावांत वेगवान इंटरनेट. कुणाचं काही बिघडत नाही.”

“महिन्याचं भाडं किती?”

“टॉवरमागे ऐंशी हजार.”

“आणि दर वर्षी?”

मेलिसने फाइल दुसऱ्या काखेत घेतली. “आठ टक्क्यांनी वाढेल. पंधरा वर्षांचा करार.”

बुरुलायने ओढणीला हात पुसले. तिला कागद लागला नाही. “सहाव्या वर्षी त्यांचे पैसे वसूल, दादा. पुढची नऊ वर्षं आपण नुसते भरत बसायचं. स्वतःचं घर विकायचं, आणि त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं, वर मालकाचे आभार मानायचे! ही अक्कल तुला बिश्केकात फुकट मिळाली की तिचेही पैसे मोजलेस?”

“उचलली जीभ लावली टाळ्याला!” मेलिसचा आवाज चढला. “तू टॉवरवर चढतेस, मी बँकेत चढतो. बँक एकोणीस टक्के मागते, ठाऊक आहे? नारीनच्या बाजारात जा एकदा. पोरं आपलं सिम दातांनी काढून फेकतात, दुसऱ्यांचं घालतात. का? तर आपल्यावर व्हिडिओ उघडत नाही. सत्तर हजार गिऱ्हाईकं होती, बावन्न राहिली. दोन वर्षं थांब, मग भाड्याची चिंताच नको, नेटवर्कच उरणार नाही. मग सांग, कुठून आणू नवी यंत्रं? तुझ्या तोंडच्या वाफेने?”

मेलिस खोटं बोलत नव्हता. जुनी यंत्रं बारा वर्षांची झाली होती. सुटे भाग मिळत नव्हते, एकाचं हाड दुसऱ्याला लावून ती गेले दोन हिवाळे गाडा ओढत होती. पैसा हवा होता हे खरंच होतं.

“दे फाइल,” ती म्हणाली.

“शेवटच्या पानावर सही.”

“सही शेवटच्या पानावर, पण वाचायचं पहिल्यापासून असतं. बाबांनी शिकवलंय.”

ती वाचत गेली. बाहेर कुणीतरी कढईखाली लाकडं सरकवली, हसण्याचा आवाज आला. अडतीस टॉवरांची नावं होती, सगळे रस्त्याकडेचे, विजेच्या तारेजवळचे, हातापायांनी धडधाकट. अडतीस. तिने पुन्हा मोजले. चव्वेचाळिसातून अडतीस गेले, तर सहा कुठे गेले?

ते शेवटून दुसऱ्या पानावर होते. ‘एक ऑक्टोबरपासून बंद करावयाचे.’ सहा नावं, आणि पहिलंच नाव कारा-बेल. समोर तीन रकाने. महिन्याचा चालू खर्च, एक लाख नव्वद हजार. महिन्याचं उत्पन्न, एकतीस हजार. भांडवली किंमत, शून्य. शेरा: लोखंड भंगारात काढावे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे काय आहे?”

“जे दिसतंय तेच. एर्लानची कंपनी तोट्याचे टॉवर घेत नाही. आणि आपल्याला ते परवडत नाहीत. कारा-बेलवर वीज नाही. रात्रंदिवस जनरेटर. डिझेल घोड्यावरून चढवायचं, महिन्याला चौदाशे लिटर. उपग्रहाचं भाडं वेगळं, राखणदाराचा पगार वेगळा. त्या डोंगरावर आपण दर महिन्याला दीड लाख सोम जाळतोय, बुरुलाय. शेकोटी म्हणून जाळले असते तर निदान ऊब तरी मिळाली असती.”

“एकतीस हजार उत्पन्न कुठल्या देवाने मोजलं?”

“यंत्राने. कारा-बेलवरून निघालेले कॉल.”

“निघालेले!” ती उठून उभी राहिली. “निघालेलेच ना? अरे, खिंडीपलीकडच्या तीन गावांतले सगळे कमावते बिश्केकला. ते तिकडून फोन करतात. पैसे कापले जातात तिकडे, नाव लागतं बिश्केकच्या टॉवरचं. इकडचा म्हातारा नुसता ‘अलो’ म्हणतो, तर तुझ्या हिशेबात तो फुकट्या! कारा-बेल बंद झाला तर बिश्केकातली पोरं फोन कुणाला करणार, दगडांना? काप त्या म्हाताऱ्याचा फोन, आणि मग बघ बिश्केकच्या टॉवरचं उत्पन्न कुठे जातं ते.”

“ते सिद्ध करता येत नाही.”

“मी तीन महिन्यांचे आकडे काढून पाठवले होते तुला! ऑगस्टमध्ये. वाचलेस?”

मेलिसने फाइलची हातात राहिलेली दोरी बोटाला गुंडाळली. वाचले नव्हते. किंवा वाचले होते, ते जास्त वाईट होतं.

“तालाय, तू सांग,” तो धाकट्याकडे वळला. “डिझेल कोण चढवतं? ही की तू?”

तालायने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. “मी,” तो म्हणाला. “ताई, मी थकलोय. खरं सांगतो. तू नारीनमध्ये पडद्यावर बघतेस, हिरवा दिवा लागलाय की लाल. लाल झाला की मला फोन. मग मी उणे पस्तीसात घोडा काढतो. दादा म्हणाला, नव्या व्यवस्थेत मला तालुक्याची कचेरी. गाडी. माणसासारखं जगेन मी.”

तिला त्याच्यावर रागावता आलं नाही. लाल दिव्याचा फोन प्रत्येक वेळी तिनेच केला होता, त्या माघातल्या रात्रीही तिनेच. ‘जातोस ना?’ असं विचारलं होतं, जणू त्याला नाही म्हणता येणार होतं.

“तुझं खरं आहे,” ती म्हणाली. “तुझ्यावर राग नाही माझा. पण हे बघ. नुसता हा रकाना बघ आणि मग बोल.”

तालायने फाइल उजव्या हाताने धरली. ओठ हलवत वाचू लागला. मग डावा हात आपोआप खिशातून बाहेर आला आणि ती तोकडी बोटं एका जागी थांबली.

“दादा, भांडवली किंमत शून्य म्हणजे?”

“म्हणजे कागदोपत्री तो टॉवर उभारायला काही खर्चच झालेला नाही. बिश्केकच्या हिशेबनिसाने पावत्या मागितल्या. बाबांनी कारा-बेलची एक पावती ठेवली नाही. सिमेंट नाही, मजुरी नाही, वाहतूक नाही. पावती नाही म्हणजे खर्च नाही. साधा नियम आहे, मी केलेला नाही.”

“मग माझी बोटं कुठल्या खात्यात टाकलीत?”

“तालाय, वेड्यासारखं—”

“नाही, विचारतोय. चालू खर्चात की भांडवली? परत येणारी नाहीत, म्हणजे भांडवलीच म्हणायची. तिथे तर शून्य लिहिलंय.”

समोवारापाशी वाटी ठेवल्याचा आवाज झाला.

“काय लिहिलंय?” उल्कानबाईंनी विचारलं.

“आई, तू यात पडू नकोस. पाहुणे खोळंबलेत.”

“कारा-बेलपुढे काय लिहिलंय, मेलिस?”

“शून्य,” बुरुलाय म्हणाली. “आई, तू ज्याच्यावर सही केलीस त्यात कारा-बेलची किंमत शून्य आहे.”

उल्कानबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यावर हात टेकत उठल्या. वर्षभर त्यांनी सुतकाचे काळे कपडे सोडले नव्हते आणि आवाज चढवला नव्हता. आज दोन्ही व्हायचं होतं की काय कोण जाणे.

“पावत्या मागतो तुझा हिशेबनीस? मी देते. लिहून घे. तुझ्या बापाकडे तेव्हा यंत्र आणायचे पैसे होते, चढवायचे नव्हते. त्याने अशाराची हाक दिली. अशार कशाला म्हणतात ते बिश्केकात विसरला असशील. घरटी एक माणूस येतो, मजुरी घेत नाही, फक्त जेवतो. सत्तेचाळीस घरांतून सत्तेचाळीस माणसं आली. सिमेंट पाठीवरून नेलं. लोखंड याकांवर लादलं. चाळीस दिवस मी त्या वाऱ्यात रोज दोन कढया रांधल्या, माझ्या हातांची सालं निघाली. तोकतोसुन आजोबांचा घोडा खांबाचा तुकडा घेऊन दरीत गेला. त्यांनी खाली बघितलं, ‘लोखंड वर काढा’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पोराचा घोडा घेऊन आले. तुझा बाप भरपाई द्यायला गेला तर त्यांनी दाराशी उभं केलं नाही. म्हणाले, अशारात किंमत करतात का? आणि तू केलीस! शून्य केलीस!”

“आई, मी केली नाही, नियम—”

“आयजीच्या जिवावर बायजी उदार! त्यांनी बांधलं, तू भंगारात काढतोस! आणि आज त्यांनाच पंगतीला बसवून मांस वाढतोस?”

“काय करायचं मग मी? सांगा ना!” मेलिस ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं की कशाचं, त्यालाही सांगता आलं नसतं. “बाबा गेले आणि कर्ज माझ्या नावावर. तुम्हा सगळ्यांना डोंगर दिसतो. मला महिन्याची पाच तारीख दिसते. कुणी एकाने तरी विचारलं, मेलिस, झोपतोस का म्हणून?”

कुणी विचारलं नव्हतं. बुरुलायनेही नाही.

“चुकलं आमचं,” आई म्हणाली. “पण तुला बोलायचं आहेच आज. थोरला मुलगा आहेस, दुआच्या आधी तूच उभा राहून सगळ्यांचे आभार मानणार. मान. आणि मग हे पान वाच. त्यांच्या तोंडावर. तेवढं जमलं तर बंद कर कारा-बेल, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“आणि बुरुलायची सही?”

“ती करेल,” आईने तिच्याकडे न बघता सांगून टाकलं.

मोठ्या युर्तात जेवण संपत आलं होतं. सगळ्यात मानाच्या जागी, दाराच्या बरोबर समोर, तोकतोसुन आजोबा बसले होते, पांढरी टोपी डोक्यावर, सुरी पुसत. त्यांच्या शेजारी बिश्केकचा एर्लान, पांढऱ्याशुभ्र मोज्यांत, हाडाशी नम्रपणे झटापट करत होता. बुरुलाय बायकांच्या बाजूला उभी राहिली. हातात फाइलसोबत दिलेलं पेन होतं, ते तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

मेलिस उभा राहिला. आभार त्याने चांगले मानले, बोलणारा माणूसच तो. वडिलांचं नाव घेतलं तेव्हा म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. लोकांनी दुआसाठी तळवे वर करायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, “थांबा. एक वाचायचं आहे.”

आणि त्याने वाचलं. याचं श्रेय बुरुलायने त्याला पुढे आयुष्यभर दिलं, की तो पळाला नाही. चालू खर्च वाचला. उत्पन्न वाचलं. “भांडवली किंमत,” तो म्हणाला आणि थांबला.

“मोठ्याने, बाळ,” तोकतोसुन आजोबा म्हणाले. “मला ऐकू कमी येतं.”

“शून्य.”

दाराशी बसलेला एक जाडजूड माणूस आपल्या तळहातांकडे बघत राहिला, त्याच तळहातांनी त्याने तेव्हा दोर ओढला होता. तोकतोसुन आजोबांनी अर्धवट वर केलेले हात सावकाश खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. त्यांच्यामागोमाग सगळ्या युर्ताने हात खाली घेतले. वर्षाचं जेवण दुआवाचून अडलं. असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

“आजोबा,” मेलिस कसाबसा म्हणाला, “बाबांसाठी तरी—”

“तुझ्या बापासाठीच थांबलोय. त्याने आम्हाला हाक मारली होती, आम्ही शून्य बांधायला गेलो नव्हतो. गेल्या हिवाळ्यात माझी सून अडली, तेव्हा दाईला कारा-बेलवरूनच फोन लागला. नातू आहे मला. त्याचीही किंमत लिही तिथे.”

एर्लानने रुमालाने बोटं पुसली. “माफ करा, पण हे आमच्या नावावर नको,” तो हळूच म्हणाला. “आम्ही हे टॉवर विकत घेणार नाही एवढंच म्हटलं होतं. बंद करा असं आम्ही म्हटलं नव्हतं. ठेवायचा तर तुम्ही ठेवा.”

सगळ्या माना मेलिसकडे वळल्या. त्याने खिसे चाचपले, पेन सापडेना. बुरुलाय पुढे झाली आणि आपल्या हातातलं त्याला दिलं. त्याने फाइल गुडघ्यावर धरून कारा-बेलच्या ओळीवर काट मारली, इतकी जोरात की कागद फाटला.

“कारा-बेल बंद होणार नाही,” तो म्हणाला. “कसा चालवायचा मला माहीत नाही. पण होणार नाही.”

“डिझेलचं काय घेऊन बसलास?” दाराजवळचा जाडजूड माणूस गुरगुरला. “कळप वर नेताना घरटी दोन डबे चढवू. कळप आमचे, घोडे आमचे. आधीच विचारायला काय झालं होतं, तोंड शिवलं होतं?” लोक हसले. तालाय हसला, आणि डावा हात खिशाबाहेरच राहू दिला. आईने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि बुरुलायच्या कोपराला ढोसलं. “झालं ना तुझ्या मनासारखं? आता सही कर, बाई. पुरे झालं.”

मेलिसने पेन आणि फाइल परत तिच्यापुढे धरली. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच विनवणी होती, तिला ती दिसली. तोकतोसुन आजोबांनी तळवे पुन्हा वर केले, आणि सगळ्या युर्ताने.

बुरुलायने फाटक्या पानाकडे बघितलं. काट मारलेल्या ओळीखाली पाच ओळी तशाच होत्या. पाच नावं, पाच शून्यं. ते टॉवर बांधणारी माणसं दुसऱ्या खोऱ्यांतली होती, त्यांनीही पाठीवरून सिमेंट नेलं होतं, त्यांच्याही बायकांनी वाऱ्यात कढया रांधल्या होत्या. आज ती इथे जेवायला आली नव्हती, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

तिने पेनाला टोपण लावलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “अजून पाच आहेत.”

मेलिसने डोळे मिटून घेतले. तोकतोसुन आजोबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग हात खाली घेतले, मांडी नीट घातली आणि म्हणाले, “वाच, बाळ. एकेक वाच.”